माती गेटवर अडत नाही

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मागे येऊरच्या डोंगराची एक सोंड उतरते. तिथल्या एका प्लॉटवर दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पोकलेन चढला. एप्रिल संपेपर्यंत झाडोरा गेला, उतार सोलल्यासारखा तांबडा झाला आणि मे महिन्यात काम थांबलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस झाला आणि सकाळी आमच्या पार्किंगमध्ये घोटाभर चिखल. साइटवाल्यांनी लगेच गेटवर वाळूच्या गोण्यांची रांग लावली. पुढच्या पावसात चिखल गोण्यांवरून आला.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा दोनच मतं होती. एक, ‘बिल्डरने भिंत बांधायला पाहिजे.’ दोन, ‘मुंबईत पाऊसच असा पडतो, कोण काय करणार?’ मी बांधकामाच्या साइटवरच केस पांढरे केलेला माणूस आहे. दोन्ही मतं ऐकून त्या दिवशी गप्प बसलो, कारण उत्तर मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. ते इथे लिहितो : पावसाने माती कशी वाहून जाते, म्हणजे तिची धूप कशी होते, आणि ती कशी रोखायची.

सुरुवात एका थेंबापासून करावी लागते. जोराच्या पावसातला मोठा थेंब जमिनीवर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटतो. गवतावर पडला तर पात्यावर फुटतो आणि हळूच खाली झिरपतो. उघड्या मातीवर पडला तर बारीक सुरुंगासारखा फुटतो. मातीचे कण दोन फूट उंच आणि चार-पाच फूट लांब उडतात. चाळीच्या भिंतीला पावसाळ्यात खालून गुडघ्यापर्यंत तांबडे शिंतोडे उठतात ना, ते हेच. सपाट जमिनीवर उडालेले कण चहूबाजूंना सारखेच पडतात. उतारावर मात्र खालच्या बाजूचे कण जास्त लांब जातात. म्हणजे पाणी वाहायला लागण्याआधीच माती खाली सरकू लागलेली असते.

हे उडालेले बारीक कण जमिनीची छिद्रं बुजवतात. वर एक गुळगुळीत पापुद्रा धरतो, पाणी मुरायचं थांबतं आणि पातळ थराने वाहायला लागतं. तो थर उताराची साल काढावी तशी माती नेतो, आणि हे डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. मग कुठेतरी खळगा असतो, कुठे ट्रकच्या चाकाची चाकोरी असते, तिथे पाणी एकत्र येतं आणि बोटभर ओघळ पडते. पसरलेल्या पाण्यात फारसं बळ नसतं, एकवटलेलं पाणी करवतीसारखं कापतं. ओघळींच्या घळी होतात. ओघळ फावड्याने बुजते, घळ बुजवायला डंपर बोलवावा लागतो. साइटवर लोक घळ दिसल्यावर जागे होतात.

पाच आकड्यांचा गुणाकार

धूप किती होईल याचा अंदाज बांधण्याची एक जुनी पद्धत आहे. अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी शेतांतल्या चाचणी-तुकड्यांच्या हजारो नोंदी एकत्र करून एक सूत्र बसवलं. १९६५ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात आलं आणि १९७८ मध्ये सुधारून पुन्हा. त्यात पाच गोष्टी आहेत : पावसाचा मारा, मातीचा स्वभाव, उताराची लांबी आणि तीव्रता, जमिनीवरचं आच्छादन, आणि आपण केलेले उपाय.

सूत्र शेतासाठी आहे. डोंगर कापून काढलेल्या उभ्या कडेला त्याचा आकडा जसाच्या तसा लावणं चूक. घळी आणि दरडी त्यात धरलेल्याच नाहीत. तरी मला ते आवडतं, कारण या पाच गोष्टींची त्यात बेरीज नाही, गुणाकार आहे. पाचांपैकी एकाला शून्याजवळ नेलं की उरलेले चार कितीही मोठे असोत, उत्तर लहानच येतं.

आता एकेक बघू. पाऊस आपल्या हातात नाही. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि २६ जुलै २००५ ला तर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मातीही प्लॉटबरोबर येते, ती बदलून मिळत नाही.

उतार थोडाफार आपल्या हातात आहे. या सूत्राप्रमाणे ९ टक्के उतार, म्हणजे ११ मीटर चालल्यावर एक मीटर उतरणारी जमीन, हे माप १ धरलं, तर १८ टक्के उताराला ते जवळजवळ ३ होतं. उतार दुप्पट, धूप तिप्पट. लांबीचं गणित आणखी गमतीचं आहे. उताराची लांबी चौपट झाली की दर चौरस मीटरमागची धूप दुप्पट होते. पण जमीनही चौपट झालेली असते, म्हणून पायथ्याशी येणारी एकूण माती आठपट होते. उलट बाजूने पाहा : ४० मीटरच्या सलग उताराचे आडवे चर काढून दहा-दहा मीटरचे चार तुकडे केले आणि प्रत्येक चराचं पाणी बाजूला वळवलं, तर एक भिंतही न बांधता धूप निम्म्यावर येते. कोकणात डोंगरउतारावर भाचरं काढणाऱ्याला आणि देशावर ताली घालणाऱ्याला हे सूत्राशिवाय ठाऊक होतं.

राहिलं आच्छादन. उघड्या मातीला सूत्रात १ हा आकडा देतात. दाट गवत असेल तर हाच आकडा शंभराव्या हिश्शाच्या आसपास येतो. पाचांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जोरकस आकडा हाच, आणि आमच्या मागच्या प्लॉटवर एप्रिलमध्ये पोकलेनने नेमका तोच आपल्या हाताने १ वर नेऊन ठेवला.

मे महिन्यातली फेरी

साइटचा धोका जोखायला मोठी यंत्रणा लागत नाही. निदान पहिल्या अंदाजाला तरी नाही. मी मे महिन्यात एक गवंडी, लेव्हलची पाण्याची नळी, टेप आणि दोन-चार रिकाम्या बाटल्या घेऊन निघतो.

फेरी वरून सुरू करायची, गेटवरून नाही. प्लॉटच्या माथ्यावर उभं राहून मागे बघायचं : वरच्या कुणाकुणाचं पाणी आपल्यात येतं? डोंगराची एखादी घडी, वरच्या वस्तीची मोरी, रस्त्याचं फुटलेलं गटार, गळकी पाइपलाइन. बऱ्याच साइटवर धूप करणारं निम्मं पाणी प्लॉटवर पडलेलं नसतंच, ते पाहुणं असतं. मग नळी आणि टेप घेऊन उतार मोजत खाली यायचं. सलग, अडथळ्याविना उतार किती लांब आहे ते लिहून ठेवायचं.

बाटल्या मातीसाठी. वेगवेगळ्या चार जागची माती तिसरा हिस्सा भरायची, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर, आणि खडखडून हलवायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते. तिच्यावर काही तासांत गाळाचा पिठासारखा थर बसतो. चिकणमाती दिवस-दोन दिवस तरंगत राहते. मधला पिठासारखा थर जाड असेल तर काळजी जास्त, कारण ते कण चिकटून राहण्याइतके चिकट नसतात आणि जागा धरण्याइतके जडही नसतात.

मुंबईत कापलेली कड बघितली की वरून खाली बहुधा असा क्रम दिसतो : तांबडी माती आणि गोटे, मग कच्चा मुरूम, मग पक्का मुरूम, मग काळा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे मऊ तांबडा थर सापडतो. पावसाचं पाणी मुरुमातून झिरपत खाली येतं, दगडावर अडतं आणि त्या सांध्यावरून आडवं वाहत कडेला बाहेर पडतं. मे महिन्यातसुद्धा अशा सांध्यावर ओल किंवा हिरवं गवत दिसलं तर तिथे खूण करून ठेवावी. आणखी एक : मुंबईचे थर साधारणपणे पश्चिमेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे डोंगराची पश्चिम बाजू कापताना थर बाहेरच्या बाजूला घसरायला मोकळे होऊ शकतात. हा निर्णय मात्र भूवैज्ञानिकाचा, माझ्यासारख्याने बाटलीवरून करायचा नाही.

शेवटी पाण्याचा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस मीटरचा, म्हणजे साधारण दहा गुंठ्यांचा प्लॉट घ्या. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा; मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या वाढवण्यासाठी १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हाच आकडा धरला होता. तासाभरात ५० हजार लिटर. कोरड्या, चाकांनी दाबलेल्या उतारावर त्यातलं ७० टक्के वाहून येईल असं धरलं तरी ३५ हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर तासाभरात तुमच्या गेटकडे ओतले जातायत.

आता गेटवरच्या गोण्या डोळ्यांसमोर आणा.

गाळाची टाकी काय धरते

गोण्यांपेक्षा शहाणा उपाय म्हणजे पायथ्याशी गाळ बसण्यासाठी खड्डा काढणं. अमेरिकेतला बांधकाम परवाना असा खड्डा किती मोठा असावा ते सांगतो : एकरामागे ३,६०० घनफूट. आपल्या हजार चौरस मीटरला ते साधारण २५ घनमीटर, म्हणजे २५ हजार लिटर येतं. चांगला खड्डा आहे, जरूर काढावा. पण तासाला ३५ हजार लिटर येत असतील तर पाणी त्यात पाऊण तासही थांबत नाही.

तेवढ्यात काय बसतं? मीटरभर खोल, शांत पाण्यात वाळूचा कण मिनिटाच्या आत तळ गाठतो. बारीक गाळाच्या कणाला तीन तास लागतात. चिकणमातीच्या कणाला तीन दिवस. म्हणजे खड्डा वाळू धरतो, थोडा जाड गाळ धरतो, आणि तांबडं पाणी जसंच्या तसं नाल्यात जातं. तिथून खाडीत, नाहीतर वाटेतल्या पाइपमध्ये, आणि पुढच्या वर्षी नालेसफाईच्या खर्चात. एकदा सुटलेला बारीक कण परत धरायचा तर त्याला तीन दिवस बसायला जागा द्यावी लागते, आणि मुंबईत एवढी जागा माणसांनाही नाही. म्हणून कण मुळात सुटूच द्यायचा नाही.

त्यासाठी क्रम असा. पहिलं, वरचं पाहुणं पाणी वरच्यावर वळवणं. प्लॉटच्या माथ्यावर, कापलेल्या कडेच्या मागे, बाजूच्या नाल्याकडे हलका ढाळ असलेला चर. तो सिमेंटचा किंवा दगडी अस्तराचा असावा. कच्चा चर स्वतःच घळ होतो, किंवा त्यातलं पाणी कडेच्या पोटात मुरतं, आणि हे तर चर नसण्याहून वाईट.

दुसरं, जेवढं काम तेवढंच सोलणं. पोकलेन भाड्याने आलाय म्हणून सगळा डोंगर एका दमात साफ करायचा, ही आपली सवय महागात पडते. पायाचं काम निम्म्या भागात चालणार असेल तर उरलेलं गवत राहू द्या. वर सांगितलेल्या त्याच अमेरिकी परवान्यात एक नियम आहे : एखाद्या भागातलं काम १४ दिवस किंवा जास्त थांबणार असेल तर तो भाग लगेच झाकायला घ्यायचा. आमच्या मागचा प्लॉट महिनाभर उघडा पडला होता.

तिसरं, झाकणं. भाताचा पेंढा हजार चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो लागतो, आणि उतारावर तो वाहून जाऊ नये म्हणून वरून काथ्याची जाळी अंथरून खुंट्या मारायच्या. जाळी मातीला घट्ट टेकलेली हवी. खाली पोकळी राहिली की पाणी जाळीखालून ओघळ पाडतं आणि वरून सगळं छान दिसत राहतं. पहिल्या सरीनंतर गवताचं बी टाकलं तर काथ्या कुजेपर्यंत मुळं धरतात. कायमच्या उतारांसाठी वाळा उत्तम. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच. त्याची मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात आणि समपातळीत ओळीने लावला तर जिवंत बांध तयार होतो.

ताडपत्रीबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण मुंबईतला तो राष्ट्रीय उपाय आहे. निळी ताडपत्री थेंबाचा मार थांबवते हे खरं. पण तिच्यावर पडलेला एकही थेंब मुरत नाही. सगळं पाणी वेगाने खालच्या काठाशी येतं आणि तिथली माती कापतं. कडेला तडे गेले असतील, रात्रीत पाऊस येणार असेल, तर ताडपत्री टाकाच. मात्र खालच्या काठाला पन्हळ किंवा पाइप देऊन पाणी पायथ्यापर्यंत उतरवा, आणि तिला हंगामभराचा उपाय समजू नका.

चौथं, वाहणारं पाणी हळू करणं. चरात थोड्याथोड्या अंतरावर दगडांचे छोटे बांध घालायचे. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत आला की अंतर बरोबर. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवायचा, नाहीतर पाणी कडेने फिरून चरच रुंद करतं. उताराच्या पायथ्याला गाळ अडवायला कापडी कुंपण लावायचं ते समपातळीत, कापडाचा खालचा काठ वीतभर जमिनीत गाडून. हजार चौरस मीटर उताराला किमान ३० मीटर कुंपण असा ठोकताळा आहे. हे कुंपण नाल्यात आडवं लावलेलं मी पाहिलंय. पहिल्याच पावसात ते विक्रोळीपर्यंत गेलं असेल.

गाळाचा खड्डा या सगळ्यानंतर येतो, शेवटचा पहारेकरी म्हणून. आणि गेटवर मोठ्या खडीची पट्टी, डंपरच्या चाकांचा चिखल झडायला.

भिंतीच्या मागचं पाणी

आता ग्रुपवरचं पहिलं मत : भिंत बांधा. भिंत लागते, पण धूप थांबवायला नाही. ती मागच्या मातीचा भार पेलते. तो भार मातीइतकाच पाण्यावर अवलंबून असतो. तीन मीटर उंच भिंतीवर मागच्या कोरड्या मुरुमाचा रेटा दर मीटर लांबीला साधारण पावणेतीन टन येतो. मागे माथ्यापर्यंत पाणी साचलं की तोच साडेपाच टनांच्या पुढे जातो. भिंत तीच, माती तीच, रेटा दुप्पट. म्हणून भिंतीला वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायची भोकं, ठेवतात आणि मागे खडीचा थर देतात, नाहीतर भोकं मातीने बुजतात.

मुसळधार पावसात वीप होलमधून पाणी गळताना दिसलं की लोक घाबरून फोन करतात. मी म्हणतो, गळतंय तोवर चहा प्या. धो धो पाऊस असताना सगळी भोकं कोरडी असतील किंवा वाहती भोकं अचानक बंद पडली, तर फोन करा. कुणीतरी सिमेंटने ती बुजवून भिंतीला रंग काढलाय असंही घडतं. भिंत देखणी होते खरी.

धूप आणि दरड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकीतून दुसरीकडे वाट जाते. धूप पायथा खाते, मग वरचा भाग आधाराविना लोंबतो. घाटकोपरच्या असल्फ्याला जुलै २०००, साकीनाक्याला २००५, १८ जुलै २०२१ च्या एकाच रात्री चेंबूरच्या माहुलमध्ये आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात. या सगळ्या जागी डोंगर किंवा भिंत घरांवर आली आणि माणसं गेली. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी होती, सगळी धुपेच्या माथी मारणं बरोबर नाही. पाऊस आणि साचलेलं पाणी मात्र सगळीकडे होतं. अँटॉप हिलला २५ जून २०१८ ला तर शेजारी डोंगरही नव्हता : बांधकामाच्या खड्ड्याची कड ढासळली आणि पार्क केलेल्या गाड्या आत गेल्या. दीड मीटरपेक्षा खोल चर कापला की बाजूंना आधार द्या, असं खोदकामाच्या सुरक्षेच्या १९९२ च्या भारतीय मानकात सांगितलंय.

पायथ्याला राहणाऱ्यांनी काय बघावं? कडेच्या माथ्यावर तिला समांतर गेलेली भेग. कललेला खांब किंवा झाड. काल बंद होणारं आणि आज न बसणारं दार. नसलेल्या जागी फुटलेला झरा, किंवा स्वच्छ झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं. यातलं काही दिसलं तर फोटो काढत थांबू नये. आधी माणसांना घेऊन बाहेर पडावं आणि मग महापालिकेच्या आपत्ती कक्षाला १९१६ वर कळवावं. रात्र असली तरी.

आमच्या मागच्या प्लॉटची गोष्ट अशी झाली की सोसायटीने पत्रं लिहिली, दोन बैठका झाल्या, आणि गेल्या मे महिन्यात साइटवाल्यांनी माथ्यावर दगडी चर काढला, वरच्या निम्म्या उतारावर काथ्याची जाळी टाकली. खर्चावरून कुरकूर झाली. गोण्या आणि आमच्या पार्किंगची साफसफाई यांचा आदल्या वर्षीचा खर्च कुणी मांडला नाही, म्हणून मी मांडला. या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर मी गटारातलं पाणी बाटलीत भरून खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलं. आदल्या वर्षीच्या बाटलीत तळाला बोटभर गाळ बसला होता, यंदा नखाएवढा. पाणी अजून तांबूस आहे. खालच्या निम्म्या उतारावर जाळी नाही, तिथलं असणार. आणि चराचा एक दगड पूर्वेच्या वळणावर निखळलाय. मुकादमाला फोन केला, म्हणाला, ‘साहेब, रविवारी बघतो.’ रविवारच्या आत पाऊस आहे असं त्याला परत सांगितलंय.